आधी सातबारा, मग कुंपण: पीस पार्क्स फाउंडेशनच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ,
पीस पार्क्स फाउंडेशन,
स्टेलेनबॉश, दक्षिण आफ्रिका

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमच्या कचेरीत मराठी वाचणारं कुणी असेल असं वाटत नाही. इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहायचं कारण असं, की पुण्या-मुंबई-नागपूरहून दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर अभयारण्य बघायला येणारी मंडळी आता चांगलीच वाढली आहेत. स्कुकुझाच्या कॅम्पात सकाळी दात घासताना शेजारून ‘अगं, कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केलीस का?’ ऐकू येतं. ही माणसं घरी जाऊन सिंहाचे फोटो दाखवतात. सिंह ज्या जमिनीवर उभा असतो तिची गोष्टही त्यांनी वाचावी.

माझी ओळख थोडक्यात. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नोकरी अकरा वर्षांपासून जोहान्सबर्गमध्ये, काम हिशेब तपासण्याचं. दरवर्षी हिवाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, गाडी काढून क्रुगरच्या उत्तर टोकाला जाते. मी जंगलाच्या विरोधात नाही. जंगलाशेजारीच वाढले, रात्री वाघाचा आवाज ऐकत झोपले. तेव्हा हे पत्र शत्रूकडून आलंय असं समजू नका.

तुमचं श्रेय आधी मांडते. नेल्सन मंडेला, नेदरलँड्सचे प्रिन्स बर्नहार्ड आणि उद्योगपती अँटोन रुपर्ट या तिघांनी १९९७ साली तुमची संस्था काढली. ज्या देशांनी काल-परवापर्यंत एकमेकांच्या हद्दीत बंदूकधारी पाठवले, त्यांच्या सीमेवरच एकत्र अभयारण्यं करायची ही कल्पना. ऐकायला भाबडी वाटते, पण तुम्ही ती करून दाखवलीत. २००० साली बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेचं कगालागाडी झालं. २००२ च्या डिसेंबरमध्ये मोझांबिकच्या शाय-शाय शहरात दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि झिंबाब्वेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एम्बेकी, चिसानो आणि मुगाबे यांनी ग्रेट लिंपोपोच्या करारावर सह्या केल्या: क्रुगर, मोझांबिकचं लिंपोपो नॅशनल पार्क आणि झिंबाब्वेचं गोनारेझू मिळून सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर. पुढे २०११ साली अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे यांनी काझा या पाच देशांच्या एकत्र अभयारण्याचा करार केला. त्याचं क्षेत्र सुमारे ५,२०,००० चौरस किलोमीटर. आमचा अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आहे, त्यावरून वाचकांनी अंदाज करावा. २०२२ मध्ये तिथे हत्ती मोजले तेव्हा अंदाज २,२७,९०० वर गेला. त्याच वर्षी तुम्ही मोझांबिकच्या झिनावेमध्ये गेंडे नेऊन सोडलेत. यादवीत जिथलं जंगल पार रिकामं झालं होतं, तिथे चाळीसेक वर्षांनी गेंडा चरला. या कामाला मी मनापासून हात जोडते.

माझी तक्रार तुमच्या नावातल्या पहिल्या शब्दाबद्दल, ‘पीस’ म्हणजे शांततेबद्दल आहे.

क्रुक्स कॉर्नर ही जागा तुम्हाला सांगायला नको, वाचकांसाठी सांगते. क्रुगरच्या अगदी वरच्या टोकाला लुवुवू नदी लिंपोपोला मिळते आणि तीन देशांच्या सीमा एका बिंदूत येतात. शंभर वर्षांपूर्वी हस्तिदंताचे चोर इथे तळ ठोकायचे, कारण एका देशाचे पोलीस आले की पाय उचलून दुसऱ्या देशात. नाव त्यावरूनच पडलं. तिथे गाडीतून उतरता येतं. मी ऑगस्टमध्ये गेले तेव्हा लिंपोपोत पाणी जवळजवळ नव्हतं, नुसती पांढरी वाळू. वाळूत हत्तीच्या पावलांचे खड्डे, परातीएवढे, पलीकडे मोझांबिककडे निघालेले. आणि त्यांच्या बाजूने, अगदी बरोबरीने, माणसाच्या अनवाणी पावलांची एक रांग. टाचा खोल रुतलेल्या, म्हणजे डोक्यावर ओझं असणार. सोबतच्या गाइडने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. त्या पावलांबद्दल त्याला बोलायचं नव्हतं.

ती वाट जुनी आहे. सोन्याच्या खाणींना मजूर पुरवणाऱ्या कंपनीचं भरती केंद्र याच टोकाच्या पाफुरीत होतं, मोझांबिकचे तरुण चालत यायचे आणि तिथून जोहान्सबर्गच्या खाणीत उतरायचे. मी ज्या शहरात पगार घेते ते त्यांनी खणलेलं आहे. मोझांबिकची यादवी १९७७ ते १९९२ चालली, तेव्हा हजारो लोक जीव मुठीत धरून क्रुगरमधूनच पायी पळाले आणि त्यातल्या काहींना सिंहांनी खाल्लं. सीमा उघडली ही फार मोठी गोष्ट झाली, पण ती कुणासाठी उघडली हे कुणीतरी विचारायला हवं. हत्ती ये-जा करतो. सीमेवरच्या गिरियोंडोच्या नाक्यावरून चार चाकं फिरणारी दणकट गाडी आणि हॉटेलचं बुकिंग असलेली माझ्यासारखी बाई ये-जा करते. पलीकडच्या गावातल्या माणसाची मावशी अलीकडे दिली असेल तर त्याने काय करावं? क्रुगरमधून पायी जायला बंदी आहे आणि गाडी त्याच्याकडे नाही.

पाफुरीचीच दुसरी गोष्ट. लुवुवू आणि लिंपोपो यांच्या मधल्या पट्ट्यात मकुलेके लोक राहायचे. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने सुमारे ३,००० माणसांना तिथून हाकललं, बंदुकीच्या धाकावर, आणि स्वतःची घरं स्वतःच्या हाताने पेटवायला लावली. जमीन क्रुगरला जोडली. आमच्या गाइडची आई त्यात होती. त्याने आम्हाला जुन्या गावाच्या जागेवर नेलं. बघण्यासारखं फार काही नाही: पिवळ्या खोडाची फीव्हर झाडं, एक अवाढव्य बाओबाब आणि गवतात पडलेला दळायचा दगड. मधोमध झिजून बशीसारखा खोलगट झालेला. आमच्या आजीचा पाटा असाच झिजला होता. त्याने बुटाने गवत बाजूला केलं, दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘हा जड होता म्हणून राहिला.’

मकुलेकेंनी पुढे काय केलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मंडेलांचं राज्य आल्यावर त्यांनी जमिनीवर दावा लावला आणि १९९८ साली सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांच्या नावावर परत झाली. ती परत मिळाल्यावर त्यांनी तिथे नांगर घातला नाही. जमीन जंगलासाठीच ठेवू, पण मालक आम्ही, असा करार केला. कारभारासाठी संयुक्त मंडळ झालं आणि त्यात सरकारी पार्क खात्याच्या बरोबरीने गावाची माणसं बसली. लॉज बांधायला ज्यांना जागा दिली त्यांच्याकडून गावाला पैसा येतो, गावातल्या पोरांना काम मिळतं. सगळं गोडीगुलाबीचं नाही. सुरुवातीला त्यांनी थोड्या शिकारीचे परवाने विकले तेव्हा शहरातल्या प्राणिप्रेमींनी गहजब केला. पैसा कुणाच्या खिशात किती जातो यावरून गावात भांडणंही होतात, ती आमच्या ग्रामपंचायतीतही होतात. पण भांडण मालकांचं आहे. तिथल्या पाणथळ जागेला २००७ साली रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. जमीन लोकांच्या नावावर केली म्हणून जंगल बुडालं नाही.

आता सीमा ओलांडून मोझांबिकमध्ये येऊ.

४ ऑक्टोबर २००१ ला मंडेलांनी क्रुगरच्या कुंपणातलं फाटक उघडलं आणि हत्तींचा पहिला कळप मोझांबिककडे सोडला. त्या दिवशीचे फोटो जगभर गेले. त्यातले काही हत्ती चालत पुन्हा क्रुगरमध्ये परतले हेही खरं. ते वाचून मला हसू आलं होतं, आमच्याकडे नवी सून दोन दिवसांत माहेरी पळते तसं. पुढच्याच महिन्यात लिंपोपो नॅशनल पार्क जाहीर झालं. पूर्वी ते शिकारीचं राखीव रान होतं आणि शिंगवेड्झी नदीच्या काठाने त्याच्या पोटात गावं होती. सुमारे ७,००० माणसं. त्यांची शेतं, गुरं, आणि त्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट, वाडवडिलांच्या कबरी.

मी २०१९ च्या जूनमध्ये गिरियोंडोहून मासिंगिरला त्या रस्त्याने गेले. क्रुगरच्या मानाने प्राणी कमी आणि मोपानीची झुडपं मैलोन् मैल. एका गावाजवळ थांबलो. नदीच्या ओलीवर रताळं, भोपळा आणि थोडा मका लावलेला. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण आणि त्यावर दोरीला बांधलेले पत्र्याचे डबे. आमच्याकडे रानडुकरासाठी बांधतात तसेच, गाठसुद्धा तशीच. शेताच्या मालकाला सगळे कोकवाना म्हणत होते, म्हणजे आजोबा. आमच्या ड्रायव्हरला त्सोंगा येत होती म्हणून बोलणं झालं. मी विचारलं, डब्यांना हत्ती भितो का? ते म्हणाले, ‘पहिल्या वर्षी भ्यायला.’ मग गावाच्या उठण्याचा विषय निघाला. तेव्हा ते जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं: ‘न्ड्लोफूला (म्हणजे हत्तीला) आणलं तेव्हा आम्हाला विचारलं नाही. आता आम्हाला नेणार, ते मात्र आमच्या मर्जीने म्हणतात.’

‘मर्जी’ या शब्दाशी माझा जुना परिचय आहे. माझ्या आत्याचं गाव विदर्भातल्या एका जंगलातून असंच ‘स्वेच्छेने’ उठलं. नव्या जागी घर पक्कं मिळालं, वीज आली, शाळा जवळ आली, हे सगळं खरं आहे. फक्त गायरान नव्हतं. आत्याने दोन वर्षांत चारही गाई विकल्या. अजून ती सकाळी गाईंच्या वेळेलाच उठते आणि अंगणात बसून राहते.

शिंगवेड्झीच्या काठावरचं पहिलं गाव, नांगुएने, २००८ साली हलवलं. छोटं गाव होतं. पुढचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. तुम्ही म्हणाल, पुनर्वसनाची जबाबदारी मोझांबिक सरकारची आहे, आमची नाही. कागदावर बरोबर आहे. पण पार्क उभं करण्यात तुमचा हात पहिल्या दिवसापासून आहे आणि जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेसारख्यांचा पैसा तुमच्या नावाच्या भरवशावर आला आहे. हिशेब तपासणारी म्हणून सांगते, ज्याची पत बघून कर्ज मिळतं तो ‘मी नुसता साक्षीदार’ म्हणून सुटत नाही.

या गोष्टीत ऊससुद्धा आहे. २००७ साली मासिंगिर धरणाजवळची ३०,००० हेक्टर जमीन प्रोकाना नावाच्या प्रकल्पाला देण्यात आली, उसापासून इथेनॉल करायला. पार्कातून उठणाऱ्या गावांना चराईसाठी जी जमीन दाखवली होती, तिच्यावरच हा ऊस आला. एकाच जमिनीचं दोघांना वचन. आणि उसाला पाणी किती लागतं हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही, आमचे अर्धे तालुके त्यावरच भांडतात. २००९ च्या अखेरीस सरकारने तो करार रद्द केला, पण मधली दोन वर्षं उठणाऱ्या माणसाला कळेना की आपण जिथे जाणार आहोत तिथे गवत असेल का ऊस.

मला मूळ गाठ कायद्यात दिसते. मोझांबिकमध्ये सगळी जमीन सरकारची, शेतकऱ्याला असतो तो वापराचा हक्क. त्याला तिथे ‘दुआत’ म्हणतात. १९९७ चा तिथला जमीन कायदा फार चांगला आहे: वहिवाट असेल तर हातात कागद नसला तरी हक्क आहे, असं तो मानतो. (योगायोग बघा, कायदा आणि तुमची संस्था एकाच वर्षीची.) पण त्याच कायद्यात असंही आहे की संपूर्ण संरक्षित क्षेत्रात असा हक्क मिळवता येत नाही. म्हणजे कोकवानाचे आजोबा जिथे पुरले आहेत तिथे एका सरकारी जाहीरनाम्याने कोकवाना पाहुणे झाले. मकुलेकेंच्या हातात जमिनीचा कागद होता म्हणून ते टेबलावर बसून करार करू शकले. सीमेच्या या बाजूला कागदच मिटला, मग टेबल कुठलं आणि करार कुठला?

आणखी एक बाब, ती शहरी पर्यटकाच्या लक्षात येत नाही. रानरेडा, म्हणजे केप बफेलो, लाळ्या-खुरकुताचा वाहक असतो. स्वतः धडधाकट फिरतो, पण गावच्या गुरांना रोग देऊ शकतो. म्हणून क्रुगरच्या आसपासच्या पट्ट्यात गुरं आणि मांस बाहेर विकण्यावर कडक बंधनं असतात. थोडक्यात, अभयारण्याशेजारी राहायची किंमत माणूस बैलबाजारात मोजतो, पीक गेलं नाही तरी. याबाबत तुम्ही काही केलंय हे मला ठाऊक आहे. कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनलसोबतचा तुमचा ‘हर्डिंग फॉर हेल्थ’ उपक्रम मला तुमच्या सगळ्या हत्ती-स्थलांतरांपेक्षा जास्त आवडतो. गावचे गुराखी शिकवून तयार करायचे, गुरं एकत्र राखायची, कुरण आळीपाळीने मोकळं ठेवायचं आणि रात्री हलत्या गोठ्यात गुरं कोंडायची. गोठ्याला आरपार न दिसणारी कनात, म्हणजे सिंहाला आत काय आहे ते दिसत नाही आणि तो उडी घेत नाही. हे काम गुराख्याच्या डोळ्याने केलेलं आहे. हाच डोळा जमिनीच्या बाबतीत का नाही?

गेंड्यांबद्दलही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सोयीचं तेवढंच बोलते. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले, त्यातले ८२७ एकट्या क्रुगरमध्ये. मारेकऱ्यांपैकी कितीतरी जण मासिंगिरच्या बाजूने येत. तिथे तेव्हा एकाएकी पक्की घरं आणि नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या. याचं समर्थन होऊ शकत नाही. शिंग विकत घेणारे हजारो मैलांवर बसतात आणि मरतात ते इथले गेंडे, इथले वनरक्षक आणि इथलीच विशीतली पोरं. पण तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्या गावाला सात-आठ वर्षं ‘आज उठणार, उद्या उठणार’ म्हणून ताटकळत ठेवलं, जिथे उठायचंच आहे म्हणून नवी विहीर नाही आणि शाळेचं छप्परही कुणी बदलत नाही, त्या गावातल्या पोराला पार्क कुणाचं वाटेल? बंदूक देणारा दलाल त्याच्या दारात आला तेव्हा त्या पोराकडे राखायला स्वतःचं काय होतं?

मंडेला एकदा म्हणाले होते की शांतता-उद्यानांच्या कल्पनेला विरोध करील अशी एकही राजकीय चळवळ, एकही विचारसरणी त्यांना माहीत नाही. मोठ्या माणसाचं म्हणणं खोडायचा माझा वकूब नाही. कोकवानाही चळवळ चालवत नाहीत, ते डबे बांधतात.

तर माझं मागणं. मोठं नाही, माझ्या धंद्यातलंच आहे. तुमच्या वार्षिक अहवालात किती प्राणी कुठून कुठे नेले हे आकड्यांनिशी येतं, तसा आणखी एक रकाना घाला: तुमच्या प्रत्येक पार्कात आणि त्याच्या कडेला किती कुटुंबं राहतात, किती जणांच्या किंवा किती गावांच्या नावावर जमिनीचा हक्क नोंदलेला आहे आणि या वर्षी त्यात किती भर पडली. आमच्या भाषेत, किती सातबारे झाले. लिंपोपोत जी गावं उठायची आहेत त्यांच्या नव्या जागेचा दुआत, चराईचं कुरण आणि पाणी गावाच्या नावावर चढल्याशिवाय एकाही घराचं छप्पर काढू नका, आणि सरकारला तसं लेखी कळवा. तुमचा पैसा त्या अटीवरच सुटू दे. ज्या गावांना उठायचंच नाही त्यांच्यापुढे मकुलेकेंचा करार ठेवा. तो तुमच्याच पार्काच्या अलीकडच्या काठावर पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे, परदेशातून सल्लागार आणायची गरज नाही. मकुलेकेंचीच दोन माणसं सीमेपलीकडे पाठवा, भाषाही तीच आहे. आणि पिकाची भरपाई पुढच्या पेरणीच्या आत द्या. पेरणी टळल्यावर मिळालेला पैसा सावकाराकडे जातो, हे मी घरी पाहिलेलं आहे.

झिंबाब्वेच्या बाजूला सेंग्वेच्या पट्ट्यात १९७० च्या दशकात पेरलेले भूसुरुंग अजून काढताहेत, क्रुगर आणि गोनारेझू जोडणारी वाट मोकळी व्हावी म्हणून. अपोपो या संस्थेची माणसं गुडघ्यावर बसून, एकेक वीत जमीन तपासत पुढे सरकतात. त्या पट्ट्यातही गावं आहेत, गुरं आहेत. सुरुंग निघाल्यावर ती जमीन हत्तीच्या नावाने आधी नोंदणार की तिथे पाय गमावलेल्या माणसाच्या, हे ठरायला अजून वेळ आहे. आत्ताच ठरवा.

येत्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा पाफुरीला येणार आहे आणि जमलं तर गिरियोंडोने पलीकडेही जाईन. मला उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. कोकवानांना मात्र त्सोंगात द्या, आणि शक्य असेल तर कुणीतरी स्वतः जाऊन द्या. रस्ता वाळूचा आहे, टायरमधली हवा थोडी कमी करून घ्या.

आपली,
क्रुगरला दरवर्षी येणारी एक चंद्रपूरकर
जोहान्सबर्ग